गोधडीतला भाऊ

‘मला कळलं नाही’ हे वाक्य मी माझ्या सदरात आजवर कधी छापून येऊ दिलं नाही. समीक्षकाला न कळून चालत नाही. आवडलं म्हणा, नाही आवडलं म्हणा, अगदीच अडलात तर ‘प्रयत्न प्रामाणिक आहे’ म्हणा आणि हात झटका, पण कळलं नाही म्हणालात की संपलात. मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमा, नाटक, मालिका, पुस्तकं, जे समोर येईल त्यावर लिहितो, आणि केस काळे होते तेव्हापासून लिहितोय. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लोक मला लिफ्टमध्ये गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात, बघू का? चौथा मजला येईपर्यंत उत्तर द्यायचं असतं. कारणं कोणाला नको असतात. हल्ली तर वर स्टार छापतात, त्यामुळे खालचा मजकूर वाचायचीही गरज उरलेली नाही.

पण मत माझ्याकडे कायम तयार असायचं, हे मी छाती ठोकून सांगतो. मध्यंतरात चहाचा कप हातात येईपर्यंत परीक्षणाचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात टाईप झालेलं असायचं. पुढचा अर्धा भाग मी त्या वाक्याला पुरावे गोळा करत बघायचो. मराठी सिनेमात ड्रोन उडला आणि हिरवंगार कोकण वरून दिसलं की मला कळायचं, आता दीड तास गोष्ट सापडणार नाही. आम्ही मालवणकडचे आहोत, आमचं कोकण आम्हाला कधी वरून दिसलं नाही. वेबसीरिजवाले दोन तासांची गोष्ट आठ भागांत ताणतात आणि सगळं अंधारात घेतात, विजेचं बिल भरायचं राहून गेल्यासारखं. नाटकात दार उघडून नवरा आला आणि बायकोचा मित्र कपाटात शिरला की मी डोळे मिटून घेतो. आणि आत्मचरित्रं! प्रत्येकाचं बालपण गरीब, प्रत्येकाची आई चुलीपुढे, आणि प्रत्येकाच्या घरातली पितळी भांडी घासून लखलखीत. लेखकाला गरिबीची आठवण येते की भांड्यांची, असं मी एकदा लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली निम्मी शिव्यांची होती.

माझा आणखी एक नियम होता. नाटक संपलं की आपल्याकडे लोक आत जातात. ओळख असो नसो, रंगपटात शिरायचं, मेकअप पुसणाऱ्या नटाचा हात हातात घ्यायचा आणि ‘झकास झालं’ म्हणायचं. न जाणं हा अपमान समजतात. मी कधी आत गेलो नाही. आत गेलं की तोंडावर काहीतरी बोलावं लागतं, आणि आत बोललेलं आणि रविवारी छापलेलं जुळलं नाही की वाट लागते. पडदा पडायला आला की मी डावीकडच्या दाराने बाहेर. नटमंडळींना ते माहीत होतं आणि त्यांनी मला त्यावरून नावंही ठेवली होती.

आता माझ्या भाषणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच आहे. वाचनालयात, कॉलेजात, कोणाच्या तरी सत्कारात मला बोलायला बोलावतात. तिथे मी समीक्षक कसा झालो हे सांगतो. घाटकोपरला आमची चाळीतली खोली. बाबा गिरणीत. आईचा भाऊ, आमचा मामा, घाटकोपरच्याच एका थिएटरात डोअरकीपर. रविवारी दुपारच्या खेळाला तो आम्हा भावंडांना मागच्या पायरीवर बसवायचा. आईला काही सिनेमाला जाता यायचं नाही. मग संध्याकाळी ती तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, स्टोव्ह भरभरत असायचा, आणि मी पाटावर उभा राहून तिला अख्खा सिनेमा सांगायचो. मी सुरुवात केली की माझं ऐकू यावं म्हणून ती स्टोव्ह बारीक करायची. ‘माझा पहिला वाचक भाकरी थापत होता,’ असं म्हणून मी थांबतो. तिथे टाळ्या पडतात. बाकीच्या भाषणात लोक मोबाईल बघतात, पण इथे डोळे पुसतात. पितळी भांडी मी त्यात कधी आणली नाहीत, एवढं पथ्य पाळलं.

गेल्या वर्षी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, लग्न केलं नाही. जुनी चाळ पाडून तिथे इमारत झाली, तिच्यात ती आईला घेऊन राहते. फोनवर ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली की तिने दोन अंकी नाटक लिहिलंय. तिच्या महिला मंडळाच्या बायका आणि दोन-तीन निवृत्त पुरुष मिळून ते रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये करणार होते. मी मनात म्हटलं, गेलो. नातेवाइकांची नाटकं हा समीक्षकाच्या नशिबातला सगळ्यात वाईट भाग असतो. मी बरं बरं म्हणत होतो, तर ती पुढे जे बोलली त्याने मी खुर्चीत सरळ बसलो.

बोरिवलीच्या नाट्यगृहातल्या कोणा व्यवस्थापकाने तालीम पाहिली होती आणि तो तिला एक दुपारची तारीख द्यायला तयार होता. खरं नाट्यगृह, खरा पडदा, खरी घंटा. सोमवारपर्यंत हो की नाही ते त्याला कळवायचं होतं. ताई म्हणाली, ‘तू बघ आणि सांग. तू चालेल म्हणालास तर करते. नाहीतर इथेच बास, परत पेन हातात घेणार नाही. तुझी बहीण म्हणून लोक यायचे आणि बाहेर पडून हसायचे, हे मला नको.’

मी म्हटलं, अगं हौसेसाठी करतेस ना, मग माझं मत कशाला. त्यावर ती चिडली. हौस असती तर भजनी मंडळात गेले असते, म्हणाली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले होते. आता एकदा स्वतःचं काहीतरी स्टेजवर उभं राहतं का ते तिला बघायचं होतं. तिच्या आवाजात शाळेतल्या बाईंचा कडकपणा होता, पण त्याच्या आत काहीतरी थरथरत होतं आणि ते मला ऐकू आलं. मी येतो म्हणालो.

हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून गुडघे धरलेली आमची आई घरीच होती. शिवाय तिचं म्हणणं असं की नाटकात आपणच आहोत तर आपण ते कशाला बघायचं. स्टेजसमोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पंखे घरघरत होते. पडद्याच्या जागी दोन चादरी होत्या. मी मागे, डावीकडच्या दाराजवळ जागा धरली. सवय.

चादरी बाजूला झाल्या आणि स्वयंपाकघर दिसलं. स्टोव्ह, परात, पाट. आईच्या भूमिकेत ताईच होती. तिने आईसारखं लुगडं नेसलं होतं, आणि केसांचा तसाच घट्ट अंबाडा. मी एकदम मागे टेकलो. मग एक दहा-अकरा वर्षांची मुलगी धावत आत आली, म्हणजे मंडळातली एक ठेंगणी बाई दोन वेण्या घालून आत आली, पाटावर चढली, आणि आईला सिनेमा सांगायला लागली.

मला आधी वाटलं की पुढे मुलगा येईल. मी वाट बघत राहिलो. मुलगी उलथनं तलवारीसारखं फिरवत होती, खलनायक झाली, नायिका झाली, घोडा झाली. ताईने स्टोव्ह बारीक केला. लोक खूष होते. मुलगा काही येईना. कोपऱ्यात एक गुंडाळलेली गोधडी पडली होती. मुलगी जोरात ओरडली तशी ताई त्या गोधडीकडे सरकली, तिच्यावर हलकेच थोपटलं, आणि म्हणाली, ‘हळू बोल गं, भाऊ उठेल तुझा.’

हॉल हसला. गोधडीला हसला. मला समजायला क्षणभर वेळ लागला की तो मी होतो. आजवर मी अनेक नटांना लाकडासारखे म्हटलं, पण माझं स्वतःचं काम एका गोधडीने करावं ही वेळ माझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

राग आला, उगाच कशाला लपवू. ते माझं होतं. पाट माझा, स्टोव्ह माझा, टाळ्या घेणारी गोष्ट माझी. ती मी माझ्या सदरातही छापून आणलेली होती. ही बाई माझं बालपण उचलून दोन वेण्यांच्या पोरीला देते म्हणजे काय? आणि तरी ताईने गोधडीवर ज्या तऱ्हेने थोपटलं, दोन बोटं वर उचलून, कारण बाकीच्या हाताला पीठ लागलेलं असायचं, ते मी माझ्या भाषणात कधी सांगितलं नव्हतं. मी ते विसरलोच होतो. पण पाठीला ते आठवलं. रागावलेल्या माणसाची पाठ अशी मऊ पडावी हे बरोबर नव्हतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी मुलगी सिनेमाचा शेवट सांगते तेव्हा ताईने स्टोव्ह पूर्ण बंद केला. सगळं एकदम शांत झालं. मी आठवायला लागलो. बारीक केलेला स्टोव्ह मला आठवतो, त्याचा आवाज आजही कानात आहे. बंद केलेला स्टोव्ह मात्र काही केल्या आठवेना.

मध्यंतरात वडे होते. ओळखीचे दोघे-तिघे जवळ आले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणता? माझ्या हातात चहा होता आणि डोक्यात पहिलं वाक्य नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. मी वड्याचं कौतुक केलं.

दुसरा अंक मी पाहिला. तो मला नीट सांगता मात्र येणार नाही. मुलगी मोठी होऊन शिक्षिका होते, एक स्थळ येतं आणि जातं, घरात टीव्ही येतो, एवढं आठवतं. माझा चष्मा भिजला होता आणि मी तो पुसत होतो. रडू कशाचं येतंय तेच कळेना. नाटक चांगलं होतं म्हणून, की आईचा अंबाडा बघून, की माझी गोष्ट चोरीला गेली म्हणून? इतरांच्या तोंडाकडे बघावं म्हटलं तर तिथेही पंचाईत. शेजारचे काका रडत होते, पण मला जिथे काहीच वाटलं नाही तिथे. समोरच्या बाई हसत होत्या, तर मी जिथे चष्मा पुसत होतो तिथे. दुसऱ्या कोणाचं नाटक असतं तर मी म्हटलं असतं की लेखिकेचा सूर सुटलाय. किंवा म्हटलं असतं की हेच तिचं यश. दोन्ही वाक्यं तयार होती आणि दोन्ही सारखीच खरी वाटत होती. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी डावीकडच्या दाराजवळ उभा होतो, बाहेर पडायचं सोडून.

मी आत गेलो. आत म्हणजे मंडळाचं छोटं ऑफिस, तिथे बायका एकमेकींच्या वेण्या सोडवत होत्या. ताई खुर्चीत बसून अंबाड्यातल्या पिना काढत होती. मला आत आलेलं बघून तिचा हात थांबला. तिला माझा नियम माहीत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हणालो, ‘ताई, सिनेमे मी सांगायचो.’

तिला आधी कळेचना मी काय म्हणतोय. मग ती म्हणाली, ‘तू? तू झोपलेला असायचास रे.’

ती भांडत नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी भाषणाचा दाखला दिला. ती म्हणाली की माझं भाषण तिने ऐकलंय, तिला वाटायचं की मी रंगवून सांगतो, भाषणात सगळेच सांगतात, म्हणून ती कधी काही बोलली नाही. आता मात्र मलाच खात्री वाटेना. माझी सगळ्यात पक्की आठवण माझ्या बहिणीने इतकी वर्षं मोठ्या मनाने चालवून घेतली होती. मी पाटाबद्दल बोललो, तिने पाटाचा एक पाय डुगडुगायचा हे सांगितलं. मी स्टोव्हबद्दल बोललो, तिने मान हलवली. आमच्या दोघांच्या आठवणीतल्या खोलीत सगळं सामान तेच होतं, फक्त मी तिच्या खोलीत झोपलेला होतो आणि ती माझ्या खोलीत नव्हतीच. मी आठवून बघितलं, माझ्या आठवणीत ताई कुठे आहे? तिला मी कुठेही ठेवलेली नव्हती.

‘ते जाऊ दे,’ ताई म्हणाली. ‘नाटक कसं होतं?’

मी म्हणालो की आधी आईकडे जाऊ.

आई मालिका बघत होती. जाहिराती लागल्या की ती आवाज बंद करते, त्यामुळे तिच्याशी बोलायचं ते जाहिरातीत. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं की लहानपणी तुला सिनेमे कोण सांगायचं, मी की ताई? माझ्या आवाजात काहीतरी असणार, कारण तिने टीव्हीच बंद केला. आई इतकी वर्षं मुंबईत आहे, पण घरात बोलते ती मालवणीच.

‘अर्धो तू, अर्धो ही,’ ती म्हणाली. ‘मध्यंतरापर्यंत तू. मगे तुका झोप.’

आणि मग तिने जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आम्ही शाळेत गेलो की आठवड्यातून एकदा मामा तिला बाराच्या खेळाला आत सोडायचा, सगळ्यात मागे, दाराजवळ. पण दोन वाजता चाळीत नळ यायचा, आणि तेव्हा पाणी भरलं नाही तर सकाळपर्यंत घरात थेंब नाही. म्हणून मध्यंतर झालं की ती उठून घरी यायची. वर्षानुवर्षं तिने प्रत्येक सिनेमा अर्धाच पाहिला. रविवारी आम्ही तोच सिनेमा बघून यायचो आणि ती आम्हाला सांगायला लावायची, कारण तिला पुढचं हवं असायचं. मी पाटावर चढायचो. नायक कसा दिसला, कोणाचा शर्ट कसा होता, कोण बरं होतं, कोण भंगार होतं, हे सगळं मी तिला पहिल्यापासून सांगायचो. तिने ते बघितलेलं असायचं. ती ऐकून घ्यायची, मला भरवायची, आणि मध्यंतर यायच्या आत मी गोधडीत. मग पाटावर ताई.

‘तुजा आयकून घेवचा लागा,’ आई म्हणाली. ‘शेवट हिचो.’

मी ताईकडे पाहिलं. ती कांदा चिरायला घेऊन बसली होती आणि हसू दाबत होती. पण आईचं संपलं नव्हतं. पुढे टीव्ही आला, त्यावर ते जुने सिनेमे लागायला लागले आणि आईने त्यांचे शेवट पहिल्यांदा बघितले. ताईने सांगितलेला एकही शेवट त्यात नव्हता. ताईच्या सिनेमात ज्याचं लग्न झालं होतं तो टीव्हीवर मेलेला. जी आंधळी आई ताईच्या सिनेमात मुलाला ओळखते तिला टीव्हीवर तो भेटतच नाही. आई ते बघून हबकली होती, पण ताईला काही बोलली नाही. तिला ताईचे शेवट बरे वाटले होते, एवढंच ती म्हणाली.

ताई कांद्याकडेच बघत म्हणाली, ‘तू दमलेली असायचीस गं. बाबांची गिरणी बंद. तुला कुठे मेलेली माणसं सांगू?’

मी स्टुलावर बसून हिशोब लावत होतो आणि तो लागत नव्हता. आईचं खरं धरलं तर माझं भाषण अर्धं खरं आणि ताईचं नाटक अर्धं खरं. पण आईचं खरं धरायचं का? त्याच दिवशी तिने मला चहा झाला का म्हणून दोनदा विचारलं होतं. आणि मध्यंतरात मत तयार असतं म्हणून मी आयुष्यभर मिरवलं, ते माझ्या हुशारीमुळे होतं की त्यापुढे मला झोप यायची म्हणून, हेही मला कळेना. मला हसू येत होतं.

ताईने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. आता सांग, म्हणाली. उद्या त्या माणसाला कळवायचंय.

मी खूप शोधलं. चार शब्द बरे बोलावेत असं वाटत होतं, आणि ते मी बोलूही शकलो असतो, त्या कलेत मी मुरलेला आहे. पण ती माझ्या तोंडाकडे मघासारखीच बघत होती.

‘मला कळलं नाही,’ मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. म्हणजे वाईट, ती म्हणाली. मी म्हणालो की नाही, वाईट नाही, चांगलं की वाईट तेच कळलं नाही, खरंच, मी पहिल्यांदाच असं म्हणतोय. पण ते समजावून सांगता येईना. ती शांतपणे म्हणाली की तिच्या सख्ख्या भावाला, ज्याचं कामच ते, त्याला जर कळलं नाही तर बोरिवलीच्या लोकांना काय कळणार. उद्याची वाट कशाला बघायची, म्हणाली, आणि मोबाईल उचलून त्या व्यवस्थापकाचा नंबर शोधायला लागली. मला उठून तिचा हात धरावासा वाटला आणि मी उठलो नाही, कारण हात धरून म्हणायचं काय?

‘नको म्हणू नको गो,’ आई म्हणाली.

ताई थांबली.

‘माका आख्खा बघूचा आसा,’ आई म्हणाली. ‘आता पाणी चोवीस तास येता. थय लिफ्ट आसा काय?’

लिफ्टचं आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ताईने फोन लावला, आणि आधी लिफ्टचंच विचारलं. नाट्यगृहात उतार होता, खुर्ची थेट आत नेता येत होती. मग तिने तारीख घेतली.

बोरिवलीला मी आईला घेऊन गेलो. ताई आत होती, लुगडं नेसून. मी तिकडे माझ्या वर्तमानपत्रासाठी गेलो नव्हतो, संपादकांनाही तसं सांगितलं होतं. त्या रविवारी माझ्या जागेवर कोणा दुसऱ्याचा मजकूर आला. नाटक पुन्हा बघूनही मला ते कसं आहे हे सांगता येत नाही. आजही येत नाही. लिफ्टमध्ये कोणी विचारलं, ताईंचं नाटक बघू का, तर मी बघा म्हणतो, आणि त्यांनी कारण विचारू नये म्हणून मोबाईल काढतो.

आईला रांगेच्या कडेची खुर्ची मिळाली होती. ताई लुगड्यात दिसली तेव्हा आईने स्वतःच्या अंबाड्याला हात लावून बघितला. लोक गोधडीला हसले तेव्हा तिने माझ्याकडे वाकून विचारलं की ते कोण. मी, मी म्हणालो. तिला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

ताईने स्टोव्ह बंद केला, पडदा पडला, दिवे लागले. लोक चहाला उठले. मी आईला काय हवं ते विचारायला वळलो तर ती उठून उभी होती. तिने चपला पायात सरकवल्या होत्या, पिशवी काखेत घेतली होती, आणि समोरच्या खुर्चीला धरून ती दाराच्या दिशेने निघाली होती. तिच्या तोंडावर घाई होती. ती मला ओळखत होती, कुठे आहोत हेही तिला माहीत असावं, पण तिचे पाय निघाले होते.

मी तिचा हात धरला. म्हणालो, ‘बस, आई. अजून आहे.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पिशवी मांडीवर घेऊन ती हळूहळू खाली बसली. जरा वेळाने तिने विचारलं, ‘फुडे काय होता रे?’

मी ते नाटक आधी पाहिलेलं होतं.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो. तिसरी घंटा झाली, आणि आईने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या.